डॉ. भाऊ दाजी लाड : वैद्यकधर्म आणि सत्यनिष्ठा

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या प्रबोधनपर्वात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव प्रामुख्याने प्राच्यविद्येच्या संदर्भात घेतले जाते. कालिदासाचा कालनिर्णय, अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन, नाणी व हस्तलिखिते यांचा संग्रह या कार्यामुळे भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना ते परिचित आहेत. परंतु भाऊ दाजी हे व्यवसायाने वैद्य होते, आणि वैद्य म्हणून त्यांच्यासमोर उभे राहिलेले दोन नैतिक पेच त्यांच्या चरित्रातील अत्यंत अर्थपूर्ण प्रसंग होत. पहिला पेच रुग्णाचे गुपित केव्हा उघड करावे याविषयीचा, तर दुसरा वैद्याने स्वतःचे गुपित किती काळ राखावे याविषयीचा होता.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ मध्ये गोव्यातील पेडणे भागातील मांद्रे येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. कुटुंब मुंबईस आल्यावर बुद्धिबळातील त्यांचे असामान्य कौशल्य गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या नजरेस आले आणि मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्यांनी वडिलांस सुचविले, अशी हकीकत चरित्रकार देतात. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण पूर्ण करून ते तेथेच अध्यापन करू लागले. कच्छ व काठेवाडातील बालकन्याहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. मानवी जिवाचे मोल आणि रूढीचे दडपण यांच्यातील संघर्ष हा पुढे त्यांच्या आयुष्याचा स्थायी विषय ठरला. त्याची सुरुवात या निबंधात दिसते.

१८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा भाऊंनी अध्यापकाची स्थिर नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. शवविच्छेदनास विटाळ मानणाऱ्या समाजात हा निर्णय सोपा नव्हता. १८५१ मध्ये या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांत ते होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे सहाध्यायी. नोकरीचा मार्ग न स्वीकारता भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय आरंभिला आणि धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांकडून मिळालेल्या द्रव्यावर निर्धनांची शुश्रूषा करावी, हा या दोघा बंधूंच्या व्यवसायाचा क्रम होता.

वल्लभ संप्रदायातील गोसावी महाराजांच्या वर्तनावर करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रातून प्रखर टीका केली. त्यावर जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावून पन्नास हजार रुपयांची मागणी केली. हा दावा १८६२ च्या आरंभी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर चालला. प्रतिवादीचा बचाव असा होता की लिहिलेला मजकूर सत्य आहे. गुप्त दुराचाराचे सत्य सिद्ध करावयाचे, तर पुरावा अंतःपुरातून किंवा वैद्याच्या ज्ञानातून येणे अटळ होते. संप्रदायातील अनुयायांवर बहिष्काराची टांगती तलवार होती आणि साक्षीदार फोडण्याच्या कटाचा स्वतंत्र खटलाही त्यापूर्वी उभा राहिला होता. अशा स्थितीत भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम हे दोन वैद्य साक्षीस उभे राहिले, आणि व्यवसायाच्या निमित्ताने महाराजमंडळीतील गुप्तरोगांविषयी त्यांना जे ज्ञान झाले होते ते त्यांनी न्यायालयापुढे मांडले.

या साक्षीचे नैतिक स्वरूप सरळ नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यास दिलेल्या उपदेशात रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर न बोलण्याचा नियम आहे, आणि ग्रीक वैद्यांच्या शपथेतही तोच आहे. प्राचीन आर्यवैद्यकाचा व्यासंग असलेल्या आणि पाश्चात्य विद्यालयात घडलेल्या भाऊंपुढे दोन्ही परंपरांनी एकच मर्यादा घातली होती. दुसरीकडे, इंग्रजी कायदा वैद्यास मौनाचा अधिकार देत नव्हता. १७७६ च्या डचेस ऑफ किंग्स्टन खटल्यात शस्त्रवैद्य सीझर हॉकिन्स यांना साक्ष द्यावी लागली, तेव्हापासून हे तत्त्व रूढ होते. तथापि कायद्याची सक्ती हे या प्रश्नाचे पूर्ण उत्तर होत नाही. रुग्णाचे गुपित राखण्याचा हेतू रुग्णास निर्भयपणे उपचार घेता यावेत हा असतो. ज्या सत्तेच्या आडोशाने इतरांचे, विशेषतः श्रद्धाळू स्त्रियांचे, अहित होत असल्याचा आरोप होता, त्या सत्तेने स्वतःच आपल्या निष्कलंकतेचा दावा न्यायासनापुढे आणला होता. अशा वेळी वैद्याचे मौन तटस्थ राहत नाही. ते एका पक्षास साहाय्यभूत होते. हे गुपित बाजारात किंवा वृत्तपत्रात न सांगता न्यायालयात, उलटतपासणीस सामोरे जाऊन सांगितले गेले, हा भेदही महत्त्वाचा आहे. एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

या प्रश्नाची पुढील वाटचाल पाहता भाऊंच्या प्रसंगाचे मोल ध्यानात येते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने वकिलास अशिलाचे गुपित राखण्याचे संरक्षण दिले, वैद्यास दिले नाही. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनी गोपनीयता हे वैद्याचे कर्तव्य ठरविले. पण न्यायाधीशाचा आदेश आणि विशिष्ट व्यक्तीस वा समाजास गंभीर धोका हे अपवाद मानले.

दुसरा पेच कुष्ठरोगाच्या औषधाचा. साठच्या दशकात भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ आणि देशी वनस्पती यांचा धांडोळा घेऊन कुष्ठावर उपचार आरंभिला. त्या काळी हा रोग आनुवंशिक की सांसर्गिक याचाच वाद चालू होता. हॅन्सेन यांना त्याचा जंतू दिसला तो १८७३ मध्ये. भाऊंच्या उपचाराने गुण येतो अशी ख्याती पसरली आणि लांबून रोगी येऊ लागले. भाऊंनी मात्र औषधाचे घटक प्रकट केले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. परंपरागत वैद्याने नुस्खा गुप्त ठेवणे समाजास खटकत नसे. परंतु नव्या विज्ञानाची दीक्षा घेतलेल्याने आपले साधन इतरांच्या परीक्षेसाठी खुले करावे, ही अपेक्षा न्याय्य होती. गुणाची खात्री होण्यापूर्वी औषध जाहीर केल्यास अर्धवट ज्ञानाचे वैदू हताश रोग्यांना लुबाडतील, हा विचार या मौनाच्या समर्थनार्थ करता येतो. पण खात्री होण्यासही अनेकांनी केलेली परीक्षाच आवश्यक असते. त्यामुळे हे समर्थन अपुरे राहते. ते औषध म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल, हे पुढे सर्वज्ञात झाले. त्याच कुळातील चौलमुग्रा तेल चाळिशीच्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठावरील मुख्य उपचार होते. १९०२ मध्ये छत्तीसगडात चांपा येथे निघालेल्या आश्रमासारख्या कुष्ठाश्रमांचा आधार प्रदीर्घ काळ याच तेलांवर होता. भाऊंची दिशा अचूक होती. विलंब झाला तो प्रकटनात.

विद्वान म्हणून भाऊंचे आचरण याच्या अगदी उलट होते. मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे त्यांनी आपले ताम्रपट, ठसे, पाठ आणि तर्क विनासंकोच मांडले. कालिदास म्हणजे मातृगुप्त हे त्यांचे अनुमान उत्तरकालीन संशोधनात टिकले नाही. पण साधने खुली असल्यामुळेच त्याचे खंडन शक्य झाले. शिलालेखाच्या बाबतीत त्यांनी पाळलेला नियम औषधाच्या बाबतीत पाळला असता, तर त्यांच्या वैद्यकास त्यांच्या प्राच्यविद्येइतकीच मान्यता मिळाली असती.

सार्वजनिक जीवनात मान त्यांना विपुल मिळाला. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्त्रीशिक्षणाचे ते पुरस्कर्ते होते. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात त्यांची संपत्ती बुडाली, तरी व्यासंग आणि रुग्णसेवा थांबली नाही. पुढे पक्षाघाताने ग्रासलेल्या भाऊंचे मे १८७४ मध्ये निधन झाले. ज्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, त्यास १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

भाऊ दाजींच्या चरित्रातील हे दोन प्रसंग एकत्र पाहिले असता वैद्यकधर्माचे एक सूत्र हाती येते. रुग्णाचे गुपित हे वैद्याकडे ठेवलेली ठेव असते. ती इतरांच्या रक्षणार्थ, अधिकारी व्यासपीठावर आणि आवश्यक तेवढीच उघडावी. वैद्याचे ज्ञान हीदेखील ठेवच, परंतु ती समाजाची. ती राखून ठेवण्याचे कारण दिवसेंदिवस क्षीण होत जाते. पहिल्या कसोटीस भाऊ निग्रहाने उतरले. दुसरीत ते उणे पडले, आणि हे उणेपण नोंदविल्याने त्यांची थोरवी कमी होत नाही.