अक्षरे आणि आयोडीन: शंकर आबाजी भिसे

छापखान्यात पूर्वी शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करीत. हे खिळे झटपट ओतणारे यंत्र बनवण्यात शंकर आबाजी भिसे यांची उमेदीची वर्षे गेली. जन्म मुंबईचा, 29 एप्रिल 1867 चा. किराणा आपोआप तोलणाऱ्या यंत्राची लंडनच्या एका नियतकालिकाने ठेवलेली स्पर्धा त्यांनी जिंकली आणि दिनशा वाच्छांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे पोहोचले. दादाभाईंनी त्यांच्या शोधांत स्वतःचे पैसे घातले. जाहिरातीचा विजेचा फलक, स्वयंपाकघरातली उपकरणे, डोकेदुखीवरचे एक साधन असे काय काय त्यांनी केले. सर्वांत मोठी आशा होती ती ‘भिसोटाइप’ या ओतयंत्रावर.

पेटंट हाती आले म्हणजे पैसा आला, असे आजही अनेकांना वाटते. रत्नागिरीच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. ते साऱ्या मुलखाचे असते आणि दर दहा वर्षांनी नवे करता येते. पेटंटाचे तसे नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये ते 14 वर्षांचे असे, शिवाय काही वर्षांनंतर ते टिकवायला शुल्क भरावे लागे. लंडनचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये चालत नसे. तिथे वेगळा अर्ज, वेगळा खर्च. यंत्र विकले जावो वा न जावो, मुदत सरतच असते.

दादाभाईंचे मित्र हेन्री हाइंडमन यांनी 15,000 पौंड उभे करण्याचे आश्वासन दिले. पैसे आले नाहीत. अशा व्यवहारात रक्कम कोणत्या तारखेला मिळणार आणि न मिळाल्यास शोधाचे हक्क कोणाकडे, हे करारात नसेल तर नुकसान पेटंटधारकाचेच होते. भिसे यांची पुंजी संपली, कारखाना बंद पडला आणि ते मुंबईला निघाले. वाटेत बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांच्या शब्दाखातर रतन टाटांनी भांडवल दिले. (हे सर रतन टाटा, जमशेटजींचे चिरंजीव.) पण महायुद्धाच्या काळात तोही डाव मोडला. 1916 मध्ये भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथेही यंत्राने अपेक्षेइतका जम धरला नाही.

पैसा दिला तो औषधाने. आजारपणात आयोडीनच्या एका औषधाने आपल्याला गुण आला, असे भिसे यांना वाटले होते. त्यावरून त्यांनी केलेले मिश्रण पुढे ‘ॲटोमिडीन’ नावाने बाजारात आले. औषध विक्रीला आणण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याची सक्ती अमेरिकेत 1938 पर्यंत नव्हती आणि गुणकारी आहे हे सिद्ध करण्याची 1962 पर्यंत नव्हती. पेटंट कार्यालय तर शोध नवा आहे का ते तपासते. रुग्ण बरा होतो का, याची चाचणी घेत नाही. आयोडीन थायरॉइडला लागतेच, पण प्रौढाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम पुरते. जास्त घेतले तर तीच ग्रंथी बिघडू शकते.

7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे यांचे निधन झाले. ॲटोमिडीन त्यानंतरही विकले जात राहिले.