कावसजींचे नाक आणि बाहेर वळलेली पापणी

भाजल्यानंतर किंवा जखमेनंतर व्रण आकसतो आणि पापणी बाहेर ओढली जाते. याला एक्ट्रोपियन म्हणतात. डोळा नीट मिटत नाही, पाणी येत राहते, बुबुळ कोरडे पडते. पापणीला दुसरीकडची त्वचा लावावी लागेल असे सांगितले, की मुळशीतल्या नांदे गावापासून पुणे शहरापर्यंत सगळीकडचे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात: ती त्वचा जगेल का? याचे एक जुने उत्तर पुण्याजवळचेच आहे.

कावसजी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करत. नाव पारशी वाटते, पण नोंदीत ते शेतकरी मराठा आहेत. १७९२ च्या म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडले. त्यांचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे ते मुंबईच्या सैन्यात परतले, कंपनीची पेन्शनही मिळाली, पण सुमारे वर्षभर ते नाकाविना राहिले.

मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिराने त्यांना नवे नाक करून दिले. त्याने मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून पाहिला, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेने रेघ मारली. तेवढी त्वचा सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधला चिंचोळा पट्टा कापला नाही. सगळी मेख इथेच आहे. त्या पट्ट्यातून रक्त येत राहिले, म्हणून त्वचा जगली. ती वळवून नाकाच्या जागी बसवली, वर कात लावलेले कापड, चार दिवसांनी तूप लावलेले. साधारण पंचविसाव्या दिवशी पट्टा कापला. भूल तेव्हा नव्हती!

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजींच्या चित्रासह हे वृत्त छापून आले. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये याच पद्धतीने नाक केले. शेजारची त्वचा वळवण्याची हीच कल्पना युरोपात पापणीसाठीही वापरली गेली. १८२९ मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रिके यांनी कानशिलाकडची त्वचा वळवून पापणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

आज व्रण सैल करून शेजारची, वरच्या पापणीची किंवा कानामागची त्वचा लावतात. कानामागच्या त्वचेला पट्टा नसतो, ती खालच्या जागेतून रक्त घेते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर विडी-सिगारेट पूर्ण बंद. वयामुळे सैल पडलेल्या पापणीला मात्र बहुतेकदा नवी त्वचा लागत नाही, कोपऱ्यात ताणून घट्ट करतात. डोळे पुसताना पापणी खाली ओढू नका.

कावसजींची नोंद चित्राने झाली, तुमची सांकेतांकाने होते. आयसीडी-१० मध्ये एच ०२.१ म्हणजे पापणी बाहेर वळणे, तर एच ०२.० म्हणजे नेमके उलटे, आत वळणे. एका आकड्याने विम्याचा दावा अडकू शकतो. डिस्चार्ज कार्डावर हा आकडा, डोळा उजवा की डावा, पापणी वरची की खालची, हे घरी निघण्याआधी वाचून घ्या.