अर्ल मॅकफर्सन: छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांमागचा इंजिनिअर

कुठल्याही छोट्या गाडीची माहिती मोबाइलवर उघडा. ऑल्टो, स्विफ्ट किंवा बंद झालेली टाटा नॅनो, कुठलीही चालेल. 'फ्रंट सस्पेन्शन'समोर एकच नाव दिसेल: मॅकफर्सन स्ट्रट. आम्ही सॉफ्टवेअरवाले डायक्स्ट्राचं नाव रोज घेतो, पण तो माणूस कोण होता हे फार कमी जणांना माहीत असतं. मॅकफर्सन यांचंही तसंच झालंय.

मला हे नाव शोधावंसं वाटलं ते एका कोटेशनमुळे. माझ्या सेकंडहँड गाडीचे पुढचे शॉकअप बदलायचे होते. गॅरेजच्या कोटेशनमध्ये शॉकअपसोबत माउंटिंग, बेअरिंग आणि व्हील अलाइनमेंट असंही लिहिलं होतं. शॉकअप बदलायला अलाइनमेंट कशाला? याचं उत्तर या माणसाच्या कामात आहे.

सुरुवात

अर्ल स्टील मॅकफर्सन यांचा जन्म जुलै १८९१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या हायलंड पार्क इथे झाला. १९१५ मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि थेट डेट्रॉइट गाठलं. तेव्हाचं डेट्रॉइट म्हणजे गाड्यांच्या स्टार्टअपचं शहर होतं. पहिली नोकरी चाल्मर्स या कंपनीत. मग पहिलं महायुद्ध आलं. सैन्यात असताना त्यांनी युरोपात विमानाच्या इंजिनांवर काम केलं.

परत आल्यावर लिबर्टी, मग हप मोटर. या कंपन्यांची नावं आज कुणाला आठवतही नाहीत. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये गेले आणि पुढे शेव्हरोलेच्या डिझाइन विभागात वर चढले.

हजार डॉलरच्या आतली गाडी

१९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. आता स्वस्त, हलक्या गाडीला मागणी येईल असा जनरल मोटर्सचा अंदाज होता. त्या प्रोजेक्टची इंजिनिअरिंगची धुरा मॅकफर्सन यांच्याकडे आली. गाडीचं नाव होतं शेव्हरोले कॅडेट. वजन सुमारे १,००० किलो आणि किंमत १,००० डॉलरच्या आत.

बजेट कमी असलं की काय होतं हे आपल्याला माहीत आहे. फीचर कापले जातात. स्वस्त गाडीत सहसा सस्पेन्शनवर कात्री चालायची: जाड पट्ट्यांच्या स्प्रिंग आणि दोन चाकांना जोडणारा एक अख्खा ॲक्सल. एक चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिसका दुसऱ्या चाकालाही बसायचा. मॅकफर्सन यांनी मात्र कॅडेटच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं ठरवलं. स्वस्त गाडीतल्या माणसाची पाठही पाठच असते ना!

पण चांगल्या स्वतंत्र सस्पेन्शनला प्रत्येक चाकासाठी वर एक आर्म, खाली एक आर्म, शिवाय वेगळी स्प्रिंग आणि शॉकअप लागायचा. पार्ट जास्त, जागा जास्त, खर्च जास्त.

तीन कामं, एक पार्ट

त्यांनी वरचा आर्मच काढून टाकला. त्याचं काम शॉकअपला दिलं. शॉकअपची नळी जाड आणि मजबूत करून खाली थेट चाकाच्या नकलला घट्ट बसवली, वरचं टोक गाडीच्या बॉडीला टेकवलं आणि स्प्रिंग त्याच नळीभोवती चढवली. खाली फक्त एक आर्म उरला. या एकसंध खांबालाच आपण स्ट्रट म्हणतो. तो गाडीचं वजन पेलतो, उसळी दाबतो आणि चाक सरळही धरून ठेवतो.

ही कल्पना अगदी शून्यातून आलेली नव्हती. फियाटचे इंजिनिअर ग्विदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशाच धर्तीची रचना मांडली होती. मॅकफर्सन यांनी ती साधी, स्वस्त आणि कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल अशी केली. मार्च १९४७ मध्ये जनरल मोटर्सच्या नावाने पेटंटचा अर्ज गेला.

आणि त्याच वर्षी कॅडेट रद्द झाली. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, आणि मोठ्या गाड्याच हातोहात विकल्या जात होत्या. मग कमी नफ्याची छोटी गाडी कोण बनवणार? वयाच्या ५६व्या वर्षी मॅकफर्सन यांच्या हातात रिलीजच न झालेलं प्रॉडक्ट होतं.

फोर्डमध्ये दुसरा डाव

१९४७ संपायच्या आत ते फोर्डमध्ये गेले. तिथे त्यांनी स्ट्रटचं डिझाइन आणखी पुढे नेलं. १९४९ मध्ये फोर्डच्या नावाने दुसरा अर्ज दाखल झाला. यात वळणावर गाडी कलू न देणारा अँटिरोल बारच चाकाला पुढेमागे धरून ठेवतो. म्हणजे अजून एक पार्ट वाचला.

१९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफर या गाड्या आणल्या, आणि स्ट्रट खऱ्या रस्त्यावर उतरला. या गाड्यांना वेगळी चासी नव्हती, बॉडीच सगळा भार घ्यायची. स्ट्रटला हेच हवं होतं, कारण त्याचं वरचं टोक बॉडीवरच टेकतं.

१९५२ मध्ये मॅकफर्सन फोर्डमध्ये इंजिनिअरिंगचे उपाध्यक्ष झाले, १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि जानेवारी १९६० मध्ये, ६८व्या वर्षी वारले. खरी लाट नंतर आली. इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवणाऱ्या छोट्या गाड्या वाढल्या, तशी इंजिनच्या दोन्ही बाजूंना जागा सोडणारी ही रचना सगळ्यांनाच हवी झाली. १९६९ ची फियाट १२८, १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ, आणि आपल्याकडे १९८३ ची मारुती ८००, तिन्हींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रटच होता.

आता तुमच्या गाडीकडे

आता त्या कोटेशनचा अर्थ लागतो. स्ट्रट हा नुसता शॉकअप नाही, तो चाकाचा कोन ठरवणारा खांब आहे. तो खोलून परत बसवला की कोन बदलू शकतो, म्हणून अलाइनमेंट. स्टिअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट फिरतो, म्हणून वर बेअरिंग. ते आणि माउंटिंगचं रबर झिजलेलं असेल तर नवा शॉकअपही खडखडेल.

अपग्रेड करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा:

- पुढचे दोन्ही स्ट्रट एकत्र बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेक मारताना आणि वळताना दोन बाजू वेगळ्या वागतात.
- नुसती कडक स्प्रिंग टाकू नका. जुन्या शॉकअपला तिची उसळी आवरत नाही.
- दिसायला भारी म्हणून गाडी फार खाली बसवू नका. खालचा आर्म उलटा कलतो, टायर रस्त्यावर नीट टेकत नाही आणि गाडी वळणावर जास्त झुकते. स्पीडब्रेकरचा त्रास वेगळाच.
- स्प्रिंग दाबायचं योग्य टूल नसेल तर घरी स्ट्रट खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होऊ शकते.

शॉकअपमधून तेल गळत असेल, टायर जागोजागी खाल्ला जात असेल किंवा खड्ड्यानंतर गाडी डुलत राहत असेल, तर 'नंतर बघू' म्हणू नका. चाक रस्त्याला जेवढं चिकटून राहील तेवढाच ब्रेक लागतो. मॅकफर्सन यांनी हजार डॉलरच्या गाडीतही या पार्टवर कात्री चालवली नव्हती. आपणही इथे पैसे वाचवू नयेत.