हाताची पकड आणि बाळंभटदादा देवधर



वजन उचलणाऱ्या हौशी तरुणांमध्ये एक चढाओढ असते. जमिनीवरची लोखंडी दांडी सगळ्या पंजाने न धरता फक्त दोन बोटांनी, कधी कधी एकाच बोटाने उचलायची. वरच्या वर्गातील काही मुलांनी याविषयी आम्हाला विचारले, तेव्हा त्यांच्यासाठी एका गुरूची गोष्ट सांगावी असे आम्हाला वाटले. ते गुरू म्हणजे मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर.

आधी पकडीविषयी थोडे समजून घेऊ. जड वजन जमिनीवरून उचलताना पुष्कळदा पाठ आणि मांड्या थकण्याआधीच मूठ उघडते. बोटे वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. तिथून दोरीसारखे कंडरे निघून बोटांपर्यंत जातात. म्हणून स्पर्धेतले खेळाडू अंगठा दांडीवर आडवा ठेवून त्यावर बोटे दाबतात, किंवा एक तळहात पुढे आणि दुसरा मागे करून दांडी धरतात, म्हणजे ती हातात फिरत नाही. घाम शोषण्यासाठी हाताला पांढरी पूड लावतात. या सर्व युक्ती कामाच्या आहेत, पण हातात बळ नसेल तर युक्ती फार वेळ साथ देत नाही.

आपल्या मराठी मुलुखात या बळाचा विचार दोनशे वर्षांपूर्वीच झाला होता. बाळंभटदादा मूळचे नाशिक जिल्ह्यातील कोठुरे गावचे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात (१७९६ ते १८१८) ते पुण्यात होते. आखाड्यांत परंपरेने अशी कथा सांगतात की निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा तरुण बाळंभटांनी ते आव्हान स्वीकारले, पण तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगी देवीकडे गेले. तिथे मारुतीरायाने त्यांना लाकडी खांबावरचे डाव शिकवले अशी श्रद्धा आहे. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले.

आपला आदिलाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. त्यामुळे या कथेतले दोन्ही पक्ष आपलेच आहेत. अलीसारखा जबरदस्त प्रतिस्पर्धी समोर आला नसता तर बाळंभटांनी खांबाला मिठी मारली नसती. चांगला प्रतिस्पर्धी हाही एक प्रकारचा गुरूच असतो. कथेतले दुसरे मर्म म्हणजे त्यांनी मागितलेली मुदत. आव्हान स्वीकारले तरी ते त्याच दिवशी मातीत उतरले नाहीत.

खांबावरचा व्यायाम बाळंभटांनी अगदी नव्याने शोधला असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात अशा व्यायामाचा उल्लेख आहे. पण मागे पडलेल्या या विद्येला पुन्हा उभे करून शिष्यांना शिकवण्याचे श्रेय बाळंभटदादांनाच दिले जाते.

मल्लखांब साधारणपणे सागवानाचा किंवा शिसवीचा असतो. सागवानाची ओळख आपल्या जिल्ह्यातील मुलांना वेगळी करून द्यायला नको. खांब खाली जाड, वर निमुळता, त्यावर मान आणि माथ्याला बोंड असते. त्याला एरंडेल तेल लावतात. ज्याला घट्ट धरायचे त्यालाच तेल का लावायचे, असा प्रश्न पडेल. तेलामुळे कातडी सोलत नाही आणि अंग खांबावरून सहज फिरते. शिवाय निसटता खांब धरायचा म्हणजे स्नायूंना खरे काम करावे लागते. पहिला धडा असतो अढीचा. अढीत दोन्ही पायांनी खांब आवळून धरायचा असतो. मग तेढी, बगली, दसरंग असे एकेक प्रकार येतात. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर पकडतात. म्हणजे पकड केवळ पंजाची राहत नाही, सगळे शरीर पकडायला शिकते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. बाजीरावांना पुणे सोडून कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहावे लागले. बाळंभटदादाही उत्तरेकडे गेले आणि काशीत त्यांनी आखाडा घातला. आश्रय देणारा दरबार गेला होता, गाव दूर राहिले होते, आजूबाजूची भाषा वेगळी होती. पण त्यांनी शिकवणे सोडले नाही. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले आणि शिष्यांच्या हातून ही विद्या पुढे गेली. पुढच्या काळात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तर २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांबाचा समावेश झाला. काशीतल्या त्या आखाड्यात शिकवणे थांबले असते तर यातले किती उरले असते, याचा विचार करून पाहा.

आपणही आपल्या मुलुखापासून दूर, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या नांदत आलो आहोत. इथे मराठी टिकली ती केवळ पुस्तकांमुळे नाही, घरोघरी कोणीतरी शिकवत राहिले म्हणून टिकली. व्यायामविद्येचेही तसेच आहे. डावाचे नाव ग्रंथात सापडते, पण पकड कुठे चुकते हे शेजारी उभा असलेला गुरूच सांगू शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की एका बोटाने वजन उचलण्याची घाई करू नका. स्नायू काही आठवड्यांत वाढू लागतात, कंडरे फार सावकाश मजबूत होतात. वाढत्या वयात एका बोटावर भार टाकला तर कंडरा दुखावतो आणि पुढे लेखणी धरणेही कठीण होते. आडव्या दांडीला लोंबकळा, पाण्याची बादली हातात घेऊन चाला, ओले कपडे दोन्ही हातांनी पिळा. मुलींनीही हे सगळे करावे, दोरीच्या मल्लखांबात त्या मुळीच मागे नाहीत. बोटांत दुखू लागले तर त्या दिवशी थांबा आणि शिक्षकांना सांगा.

पालकांनाही एक विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी मल्लखांब केला असेल, त्यांनी शाळेत अवश्य कळवावे. आता उडी मारता येत नसेल तरी हरकत नाही. अढी कशी घालायची हे मुलांना शेजारी उभे राहून सांगता आले, तरी पुष्कळ झाले. अशी जाणती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती आपल्यात आहेत तोवर शाळेच्या मैदानात एक सागवानी खांब रोवावा, अशी आमची इच्छा आहे.

— मुख्याध्यापक