लीळासंग्राहक पंडित म्हाइंभट

पंथाच्या ग्रंथसंपदेचा विचार करू लागले म्हणजे आचार्य श्रीनागदेवांच्या पाठोपाठ जे नाव जिभेवर येते ते पंडित म्हाइंभटांचे. लीळाचरित्र नित्य वाचणाऱ्यालाही त्याच्या संग्राहकाचे चरित्र पुरते ठाऊक असतेच असे नाही, कारण आपल्या ग्रंथात म्हाइंभट स्वतःला फारसे पुढे येऊ देत नाहीत.

ते सराळे गावचे. घर संपन्न, विद्या मोठी. प्राभाकर मीमांसा त्या काळी फार थोड्यांना साधे. ती त्यांनी परमुलखी जाऊन आत्मसात केली आणि विद्येबरोबर अहंतेचेही गाठोडे घरी आणले. दिवसा दिवट्या पाजळून आणि पायी गवताचा तोडर बांधून ते हिंडत, ही कथा पंथात प्रसिद्धच आहे. आपल्यावाचून जगात अंधार आहे आणि प्रतिवादी म्हणजे पायदळीचे गवत, असा त्या थाटाचा अर्थ. याच थाटात ते डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींपुढे वादासाठी आले. संस्कृत ग्रंथांतील अवघड प्रमेये मुखोद्गत असणाऱ्या या पंडिताला सर्वज्ञांच्या साध्या मराठी वचनांपुढे निरुत्तर व्हावे लागले. तरी घरदार लगेच सुटले नाही. बोध झाल्यावरही पाय जड राहतात, हा अनुभव थोरांनाही चुकलेला नाही. सामान्य साधकाने यातून धीरच घ्यावा.

म्हाइंभटांचे मन असे दोन्हीकडे ओढले जात असतानाच सर्वज्ञांवरील उपद्रव वाढीस लागला. देवगिरीच्या यादवांची सत्ता तेव्हा कळसास पोहोचली होती. महादेवरायाने उत्तर कोकण जिंकले, त्या युद्धात शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला, आणि शिलाहारांचे ठाणे यादवांच्या अमलाखाली गेले. त्याच ठाण्यास पुढे रामदेवरायाच्या कारकिर्दीतील शके ११९४ (इ.स. १२७२) चा एक ताम्रपट सापडला. ब्राह्मणांना दिलेल्या ग्रामदानाचा तो लेख. आणि त्यात हेमाद्रीचे नाव मोठ्या अधिकारपदांसह आले आहे. घाटाखालच्या बंदरापर्यंत ज्याचा हात पोहोचत होता तो करणाधिप किती समर्थ असेल, याची कल्पना या पत्र्यावरून येते. व्रते, दाने, तीर्थे आणि श्राद्धे यांचा चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड संस्कृत ग्रंथ त्याच्याच नावावर आहे. इकडे सर्वज्ञ सांगत होते की व्रतांनी आणि देवतांच्या भक्तीने मोक्ष मिळत नाही, आणि मोक्षाचा अधिकार स्त्रीशूद्रांनाही आहे. हे निरूपण गावोगाव पसरू लागल्यावर ज्यांची प्रतिष्ठा आणि मिळकत धोक्यात आली ते स्वस्थ बसणे शक्यच नव्हते.

पैठणास सभा भरली. श्रीमूर्तीला झालेल्या उपद्रवाचे वर्णन करण्यास लेखणी धजत नाही. अखेर सर्वज्ञांनी उत्तरापंथे बिजे केले. शिष्यपरिवार पोरका झाला, आणि सर्वज्ञांच्या आज्ञेप्रमाणे आचार्यांसह ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी येऊन राहिला.

म्हाइंभटांचे पाय मोकळे झाले ते या पडत्या काळात. राजसत्ता विरोधात, पुरस्कर्ता कोणी नाही, अशा वेळी हा श्रीमंत पंडित सर्व टाकून ऋद्धिपुरास आला आणि श्रीप्रभूंच्या सेवेत राहिला. त्या सन्निधानातली सुमारे चौदा वर्षे ही आपल्या वाङ्मयाची पेरणीच म्हटली पाहिजे. महदाइसांनी श्रीप्रभूंच्या विवाहलीळेच्या वेळी धवळे गाइले ते येथेच. छळ सोसून आलेल्या या मंडळींच्या मुखी विवाहाचे मंगल गाणे यावे, ही गोष्ट वाचकाने पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे.

शके १२०८ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही बिजे केले. आता असन्निधान पूर्ण झाले. असन्निधानी नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हाच आचार, हे शास्त्र सर्वांना मुखोद्गत होते. पण ज्यांनी श्रीमूर्ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्यामागे येणाऱ्यांनी स्मरण कशाचे करावे? आचार्य लीळा आठवीत बसलेले पाहून म्हाइंभटांच्या मनात संग्रहाचा विचार आला. वाजेश्वरीच्या एकांतात आचार्यांनी सांगावे आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यावे, असा क्रम सुरू झाला. पुढे ज्यांनी ज्यांनी सर्वज्ञांना पाहिले होते त्यांच्याकडे गावोगाव जाऊन त्यांनी लीळा मिळवल्या, आणि आचार्यांनी मान्य केल्यावरच त्या ग्रंथात घेतल्या.

पूर्वी दिवट्या पाजळणारा हा पंडित आता अशिक्षित माणसांसमोर हात जोडून बसत होता. संस्कृतात लिहिण्याचे सामर्थ्य असून त्याने सर्वज्ञांची बोली तशीच ठेवली. देऊळ कोणते, आसन पूर्वेच्या पडवीत की पश्चिमेच्या, भिक्षेत काय आले, कोण रुसले, कोणाला हसू फुटले, हे सारे त्याने नोंदले. आचार्यांच्या पूर्वायुष्यातील उणिवा आचार्यांच्याच देखरेखीखाली लिहिल्या गेल्या, याहून निर्मळ साक्ष कोणती हवी? छळाचा प्रसंगही त्याने टाळला नाही. तो लिहिताना आक्रोश केला नाही, शत्रूंना शिव्याशापही दिले नाहीत. घडले तेवढे सांगितले. सशाची लीळा पाहावी. शिकाऱ्यांच्या भयाने पळालेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरतो, शिकारी त्याला मागतात, आणि निरूपण ऐकून शिकार सोडतात. शिकाऱ्यांना दुष्ट ठरवण्यासाठी त्यात एकही शब्द खर्चिलेला नाही. पीडकाकडे पाहण्याची ही दृष्टी म्हाइंभटांनी सर्वज्ञांकडूनच घेतली, आणि हेमाद्रीसंबंधी लिहितानाही ती ढळू दिली नाही. एवढा संयम ज्याच्या लेखणीत आहे त्याला केवळ लेखनिक म्हणणे योग्य नव्हे. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी ग्रंथाची मांडणी झाली. त्यानंतर त्यांनी श्रीगोविंदप्रभूंच्या लीळाही संग्रहित केल्या. मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना आज येथूनच आरंभ करावा लागतो.

या ग्रंथाच्या वाट्यालाही परचक्र आले. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे मलिक काफूरच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली. तथापि हिराइसांसारख्यांना लीळा पाठ होत्या. अशा पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, आणि जेथे दोन पाठांत अंतर पडले तेथे ती वासना म्हणून नोंदली गेली. पुढे रवळोव्यासांनी सकळ लिपी योजली आणि पोथ्या त्या लिपीत गेल्या.

शतकानुशतके बंद राहिलेल्या या पोथ्या उघडण्याच्या कामात ठाण्याचेच एक गृहस्थ पुढे होते. महाराष्ट्र सारस्वताचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे हे इ.स. १८९३ मध्ये ठाण्यास स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी. इतिहासाचार्य राजवाडे आणि भावे यांनी सांकेतिक लिपीचा शोध घेतला; पंथातील महंतांनीही हळूहळू विश्वास टाकून पोथ्या दाखवल्या. भावे इ.स. १९२६ मध्ये निवर्तले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी हरि नारायण नेने यांनी नागपुरास लीळाचरित्राचे भाग छापण्यास आरंभ केला, आणि म्हाइंभटांनी वाजेश्वरीत टिपलेल्या लीळा सर्वांना देवनागरीत वाचता येऊ लागल्या.