खाचेतला आवाज

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वयाच्या आठव्या वर्षी एक पारशी मुलगा दाखल झाला. नाव फारूख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबारचा. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीत नोकरीला. आईवडील समुद्रापार आणि पोर सह्याद्रीच्या माथ्यावर! इथेच त्याने पियानोचे धडे गिरवले, 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये तो वाजवू लागला आणि फ्रेडी हे नाव त्याला कायमचे चिकटले.

१९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली. बलसारा कुटुंब घरदार सोडून लंडनजवळच्या फेल्थममध्ये आले. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकला. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह त्याने 'क्वीन' उभा केला आणि बलसाराचा मर्क्युरी झाला. आपल्या मुळांविषयी तो पुढे फारसा बोललाच नाही.

१९८१ साली 'ग्रेटेस्ट हिट्स' ही तबकडी निघाली. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम हाच. एका तबकडीवर सतरा गाणी, जवळजवळ तासभराचे संगीत! एका बाजूला वीस-बावीस मिनिटे सुखाने मावतात. त्याहून जास्त कोंबले की खाचा बारीक होतात, आवाज दबतो. रसिक आता हीच तबकडी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवून ऐकतात. म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ९६,००० नमुने. सीडीत ते ४४,१०० असतात. पण खाचेत जे नाही, ते आकडे वाढवून येत नाही. सुईची खरखर मात्र इमानाने उतरते.

तरीही कानाला हेडफोन लावून ऐकावेच. पहिलेच गाणे १९७५ चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. त्यातला ऑपेराचा जमाव म्हणजे मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच. चोवीस ट्रॅकच्या ध्वनिफितीवर आवाजाचे थर इतक्या वेळा चढवले, की फीत पार झिजली. ती मेहनत दबक्या खाचेतूनही कळते.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघे पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. जगाला मर्क्युरी मिळाला होता. निरोप मात्र बलसारांच्या मुलाला, त्यांच्याच प्रार्थनांनी दिला गेला.