मेइ लानफांग : चिनी रंगभूमी जगापुढे नेणारे अभिनेते

१७ फेब्रुवारी १९३० रोजी न्यूयॉर्कच्या फॉर्टी-नाइन्थ स्ट्रीट थिएटरमध्ये पेकिंग ऑपेराच्या प्रयोगांना प्रारंभ झाला. अमेरिकेतील शेअर बाजार कोसळून तेव्हा चार महिनेही उलटले नव्हते. प्रेक्षागृहातील बहुतेकांना चिनी भाषेचा एक शब्दही कळत नव्हता आणि रंगमंचावर वावरणारी नायिका पस्तीस वर्षांचा एक पुरुष साकारत होता. दोन आठवड्यांसाठी आलेल्या या मंडळीला पुढे दुसरे नाट्यगृह घेऊन आणखी तीन आठवडे न्यूयॉर्कमध्येच थांबावे लागले. या मंडळीचे प्रमुख होते बीजिंगचे सुप्रसिद्ध अभिनेते मेइ लानफांग. हे यश पुष्कळदा एखाद्या चमत्कारासारखे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यामागे अनेक वर्षांची तयारी आणि मोठी आर्थिक जोखीम होती.

मेइ लानफांग यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८९४ रोजी बीजिंग येथील एका नट घराण्यात झाला. आजोबा मेइ चियाओलिंग हे स्त्रीभूमिकांसाठी ख्यातनाम होते आणि एका नामांकित नाटक मंडळीचे प्रमुखही होते. वडीलही स्त्रीभूमिकाच करीत. मात्र मेइ तीन-चार वर्षांचे असतानाच त्यांचे निधन झाले. काका मेइ युतियान हे त्या काळचे श्रेष्ठ गायक-नट थान शिनपेइ यांना साथ करणारे तंतुवादक होते. पोरक्या पुतण्याचा सांभाळ त्यांनीच केला. चिंग राजवटीत बीजिंगच्या रंगभूमीवर स्त्रियांना मज्जाव असल्याने 'दान', म्हणजे स्त्रीपात्रे, पुरुषच रंगवीत असत. हे कसब घराण्यातून किंवा गुरूकडून मुलांकडे येई आणि त्यासाठी शिक्षण आठव्या-नवव्या वर्षीच सुरू होत असे.

लहानग्या मेइ यांच्यात कोणालाही भावी नट दिसत नव्हता. पापण्या जड, नजर मंद आणि पाठांतर कच्चे अशी त्यांची स्थिती होती. पहिल्या शिक्षकांनी शिकवलेल्या गाण्याच्या चार ओळीही त्यांना बरेच दिवस पाठ होईनात, तेव्हा ते शिक्षक हा मुलगा नट होणार नाही असे ठरवून निघून गेले. पुढे मेइ नावारूपाला आल्यावर याच शिक्षकांची रंगपटात भेट झाली. ते ओशाळले, तर त्यांच्या त्या रागामुळेच आपण मेहनत केली, असे मेइ यांनी त्यांना सांगितले. दुसरे गुरू वू लिंगशियान हे अत्यंत सोशिक होते. एकेक पद ते वीस-तीस वेळा म्हणून घेत. १९०४ साली दहा वर्षांचे मेइ प्रथम रंगमंचावर आले ते विणकर कन्येच्या भूमिकेत. आत मेणबत्त्या पेटवलेल्या कागदी पक्ष्यांच्या पुलावर त्यांना गुरूंनीच उचलून उभे केले होते.

मंद नजरेवरचा उपाय त्यांना कबुतरांनी दिला. पौगंडावस्थेत त्यांना कबुतरे पाळण्याचा नाद लागला. उंच आकाशात घिरट्या घालणाऱ्या थव्यात आपली कबुतरे कोणती आणि शेजाऱ्याची कोणती हे ओळखताना दृष्टीला व्यायाम मिळाला, तर थवा फिरवण्यासाठी लांब बांबू हालवून दंड बळकट झाले. एके काळी त्यांच्याकडे दीडशे जोड्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतील ज्या चपळाईची पुढे समीक्षकांनी वाखाणणी केली, तिचे श्रेय ते स्वतः या पक्ष्यांना देत असत. हिवाळ्यात पायांना लाकडी खुंट बांधून बर्फावर चालण्याचा सरावही त्यांनी केला होता.

१९१३ मध्ये शांघाय येथील प्रयोगांनी त्यांचे नाव देशभर झाले. मात्र त्यांच्या कलेला खरे वळण लावले ते त्याआधी आलेल्या एका पत्राने. युरोपातील नाटके पाहून परतलेले विद्वान ची रुशान यांनी मेइ यांचा 'फेन नदीचे वळण' या नाटकातील प्रयोग पाहिला होता. अठरा वर्षांनी युद्धावरून परतलेला पती झोपडीच्या दाराबाहेर उभा राहून आपली ओळख पटवून देण्यासाठी दीर्घ पद गातो, असा त्यातील प्रसंग आहे. परंपरेप्रमाणे त्या वेळी पत्नीची भूमिका करणारा नट प्रेक्षकांकडे पाठ करून स्वस्थ बसत असे. एवढ्या वर्षांनी पतीचा आवाज ऐकणारी स्त्री अशी निर्विकार कशी राहील, असा ची यांचा आक्षेप होता. कोणत्या ओळीला संशय, कोणत्या ओळीला ओळख, कोणत्या ओळीला अश्रू हे त्यांनी पत्रात तपशीलवार लिहिले होते. काही दिवसांनी ते पुन्हा त्याच नाटकाला गेले, तेव्हा मेइ यांनी त्यांच्या सूचना तंतोतंत अमलात आणल्याचे त्यांना दिसले. तोपर्यंत या दोघांची धड ओळखही नव्हती. एका अनोळखी प्रेक्षकाचे म्हणणे इतक्या मोकळेपणाने मान्य करणारे यशस्वी नट कोणत्याही काळात विरळाच.

यानंतर सुमारे दोन दशके ची रुशान त्यांच्यासोबत राहिले. 'चांगएचे चंद्रारोहण', 'दाययूचे पुष्पदफन' अशी नवी नाटके दोघांनी रंगभूमीवर आणली. जुन्या चित्रांतील वेशभूषा अभ्यासून नवे पोशाख शिवून घेतले. १९१७ मधील 'पुष्पवृष्टी करणारी अप्सरा' हे नाटक भारतीय वाचकांना विशेष जवळचे वाटेल. त्याचे कथानक विमलकीर्तिनिर्देश सूत्र या बौद्ध ग्रंथावर आधारलेले असून आजारी विमलकीर्तीच्या भेटीचा हा प्रसंग वैशाली नगरीत घडतो. मेइ यांनी त्यात दोन लांब रेशमी पट्ट्या हवेत खेळवत नृत्य केले. गंभीर कुलस्त्री, चंचल युवती आणि शस्त्रधारी वीरांगना या पूर्वी वेगवेगळ्या नटांकडे असलेल्या भूमिकांच्या पद्धती एकाच पात्रात गुंफण्याचे काम ज्येष्ठ नट वांग याओचिंग यांनी सुरू केले होते. मेइ यांनी ते पूर्णत्वास नेले. १९२२ मध्ये यांग श्याओलोउ यांच्यासमवेत रंगवलेल्या 'राजाचा राणीला निरोप' या नाटकातील तलवारनृत्य हे त्याचे ठळक उदाहरण होय.

याच काळात चीनमधील नव्या विचारांच्या लेखकांनी पारंपरिक नाटकावर कठोर टीका सुरू केली होती. लू शुन यांच्यासारख्या थोर साहित्यिकाने मेइ यांच्यावरही लेखणी चालवली. पुरुषाने स्त्री होणे हे त्यांच्या दृष्टीने मागासलेपणाचे लक्षण होते. मे १९१९ मध्ये बीजिंगचे विद्यार्थी जपानविरोधात रस्त्यावर उतरले, तेव्हा मेइ टोकियोच्या इम्पीरियल थिएटरमध्ये प्रयोग करीत होते. हा योगायोग त्यांच्यासाठी सुखद नव्हता. तथापि चिनी नाटक परदेशी रसिकांपुढे सन्मानाने मांडता येते, याची खात्री त्यांना याच दौऱ्यात पटली. १९२४ साली ते पुन्हा जपानला गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर बीजिंगमध्ये होते. चित्रकार नंदलाल बोस आणि पंडित क्षितिमोहन सेन हेही त्यांच्यासमवेत होते. रवींद्रनाथांच्या जन्मदिनानिमित्त तेथील तरुण साहित्यिकांनी त्यांचे 'चित्रा' हे नाटक इंग्रजीत सादर केले. नंतर मेइ यांनी पाहुण्यांसाठी 'लो नदीची देवता' या नाटकाचा खास प्रयोग केला. रवींद्रनाथांना अभिनय आवडला, नेपथ्य मात्र आवडले नाही. देवतेच्या कथेला साजेल असे कल्पनारम्य रंग आणि आकार हवेत, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी स्पष्टपणे सुचवले. मेइ यांनी त्यानुसार देखावा बदलून घेतला आणि पुढे तोच कायम ठेवला. रवींद्रनाथांनी रेशमी पंख्यावर लिहून दिलेली बंगाली कविता त्यांनी जपून ठेवली होती.

अमेरिका दौऱ्याचा विचार १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. ची रुशान यांनी चेहऱ्यावरील रंगरेखन, पोशाख, वाद्ये आणि हस्तमुद्रा यांची शेकडो चित्रे काढून घेतली. संगीतकार लिउ तियानहुआ यांनी पदे पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवली. बँक व्यवसायातील मित्रांनी निधी उभा केला. निघण्याच्या सुमारास अमेरिकेतून मंदीच्या बातम्या येऊ लागल्या. दौरा फसला तर सारे कर्ज मेइ यांच्या शिरावर येणार होते, तरीही जानेवारी १९३० मध्ये मंडळीने शांघाय सोडले.

अमेरिकेत नाट्यतज्ज्ञ पी. सी. चांग यांचे मार्गदर्शन निर्णायक ठरले. पुढे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात मोलाचा वाटा उचलणारे ते हेच. चांग यांनी लांबलचक संवादांची नाटके वगळली आणि एका संध्याकाळी काही छोटे प्रवेश व नृत्ये असा सुमारे दोन तासांचा कार्यक्रम आखला. प्रत्येक प्रवेशापूर्वी सू योंग ही युवती इंग्रजीतून कथानक समजावून सांगे. नाट्यगृहात चिनी कंदील आणि ची यांनी करवून घेतलेली चित्रे लावली होती. त्यामुळे प्रेक्षकाला आत शिरतानाच एक लहानसे प्रदर्शन पाहायला मिळे. खुद्द प्रयोगात मात्र कोणतीही तडजोड करण्यात आली नाही. पाश्चात्त्य धर्तीचे नेपथ्य नव्हते, वाद्ये तीच होती आणि स्त्रीचा आवाज पुरुषाच्याच कंठातून येत होता. ज्या प्रवेशावरून ची यांनी पहिले पत्र लिहिले होते, तो पती-पत्नीच्या भेटीचा प्रवेशही या कार्यक्रमात होता. राजवंशाच्या विनाशाचा सूड घेण्यासाठी वधूवेशात शत्रू सेनापतीला ठार करणाऱ्या दासीचा 'व्याघ्रवध' हा प्रवेश तेथील प्रेक्षकांना सर्वाधिक भावला.

न्यूयॉर्कनंतर शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि होनोलुलू येथे प्रयोग झाले. चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली. पोमोना कॉलेज आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया यांनी मेइ यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. बीजिंगमध्ये नटांना समाजात खालचे स्थान होते, हे लक्षात घेता या पदवीचे मोल कळते.

१९३५ च्या वसंत ऋतूत ते सोव्हिएत संघात गेले. जपानच्या ताब्यातील मांचुरियातून रेल्वेने जाण्याचे टाळून त्यांनी समुद्रमार्गे व्लादिव्होस्तोक गाठले. मॉस्को आणि लेनिनग्राड येथील प्रयोगांना स्तानिस्लाव्हस्की, मेयरहोल्ड आणि आयझेन्स्टाइन यांच्यासारखे दिग्गज उपस्थित होते. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेश्ट हेही त्या वेळी मॉस्कोत होते. रंगमंचावर पाणी नाही, नाव नाही, हाती केवळ एक आखूड वल्हे. तरीही नदीचा प्रवाह दिसतो, याने ते थक्क झाले. साध्या पाश्चात्त्य पोशाखात, रंगभूषेविना मेइ यांनी करून दाखवलेले अभिनयाचे प्रात्यक्षिकही त्यांनी पाहिले. भूमिकेत विरघळून न जाता ती दाखवणारा नट ही ब्रेश्ट यांची प्रसिद्ध कल्पना या अनुभवातून अधिक स्पष्ट झाली. चिनी नट भूमिकेपासून खरोखरच इतका अलिप्त असतो का, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. कबुतरांकडून नजर आणि पत्रातून अश्रू शिकलेल्या मेइ यांच्याकडे पाहता ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

जगभर प्रयोग करणाऱ्या या नटाने आपल्या आयुष्यातील मोठा निर्णय घेतला तो प्रयोग न करण्याचा. १९३८ मध्ये ते युद्धामुळे शांघाय सोडून हाँगकाँगला गेले. डिसेंबर १९४१ मध्ये ते शहरही जपानी सैन्याच्या हाती पडले, आणि मेइ यांनी मिशा वाढवल्या. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या ओठांवर मिशा दिसणे हा नकारच होता, आणि त्यासाठी वेगळे निवेदन करण्याची गरज नव्हती. १९४२ मध्ये शांघायला परतल्यावर पुन्हा दबाव आला, तेव्हा त्यांनी मुद्दाम विषमज्वराची लस टोचून घेऊन ताप आणला आणि लष्करी डॉक्टरांपुढे आजारी म्हणून पडून राहिले, असे सांगितले जाते.

उत्पन्न थांबले होते, कुटुंब आणि मंडळीतील माणसे अवलंबून होती. अशा वेळी उपयोगी पडली ती चित्रकला. तरुणपणी त्यांनी ती हौस म्हणून, पोशाखातील रंगसंगती समजावी यासाठी सुरू केली होती. थोर चित्रकार ची बायशी यांच्याकडून ते फुले आणि कीटक रेखाटायला शिकले होते. आता बुद्धमूर्ती, प्लमची फुले आणि पाईन वृक्ष रंगवून ते विकू लागले. १९४५ च्या वसंतात शांघायमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही भरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या शरणागतीची बातमी आली आणि मिशा उतरल्या.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ते रंगमंचावर परतले तेव्हा वय एक्कावन्न होते आणि काही वर्षांच्या खंडामुळे आवाज पूर्वीच्या पट्टीला पोहोचत नव्हता. त्यांनी खालच्या स्वरात गाता येणारे कुंचू शैलीतील नाटक निवडले. ते होते न्यूयॉर्कमध्ये गाजलेले 'व्याघ्रवध'.

१९४८ मध्ये दिग्दर्शक फेइ मू यांच्या 'जन्ममृत्यूची खंत' या चीनमधील पहिल्या रंगीत चित्रपटात त्यांनी काम केले. १९४९ नंतर नव्या राजवटीने त्यांना मानाची पदे दिली, पण सुरुवात अडखळत झाली. जुन्या नाटकात सुधारणा हळूहळू, मूळ रूप न बदलता व्हावी, असे मत त्यांनी त्या वर्षी तियानजिनमध्ये मांडले. त्यावर टीका झाली आणि त्यांना ते जाहीरपणे मागे घ्यावे लागले. त्यांच्या रंगजीवनाचा आधार हे मतच होते, असे म्हणता येईल. १९५६ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा जपानचा दौरा केला. त्यातील एक प्रयोग अणुबॉम्बग्रस्तांच्या मदतीसाठी होता.

१९६१ मध्ये रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त मेइ यांनी त्या जुन्या भेटीच्या आठवणी लिहिल्या. त्याच वर्षी ८ ऑगस्टला बीजिंगमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि त्यांची नाटके रंगभूमीवरून हद्दपार झाली. त्यांचे धाकटे पुत्र मेइ बाओच्यू हेही स्त्रीभूमिका करीत. त्यांना दशकाहून अधिक काळ रंगमंचापासून दूर राहावे लागले. बंदी उठल्यावर त्यांनी पुन्हा वडिलांच्या भूमिका हाती घेतल्या आणि २०१६ मध्ये निधन होईपर्यंत ते शिष्य घडवत राहिले. हुगुओसी मार्गावरील ज्या चौसोपी घरात मेइ लानफांग यांची अखेरची दहा वर्षे गेली, त्याचे १९८६ मध्ये संग्रहालयात रूपांतर करण्यात आले.